बोलत बोलत चढायचं

फॉर्मवर अकरा प्रश्न होते आणि अकराही ठिकाणी आईने मला "नाही" लिहायला लावलं.

"चढताना छातीत दुखतं का?"

"नाही लिही."

"अगं, परवाच तू वहिनीला म्हणालीस की..."

"परवा मी पुष्कळ काही म्हणाले. तू लिही."

"झोपताना एकापेक्षा जास्त उशा लागतात का?"

"घरात उशी एकच आहे, ती पण तुझा भाऊ घेतो. लिही, नाही."

मी हसले आणि लिहिलं. पेन माझ्या हातात होतं, हे आधीच सांगून टाकते.

आईने बावीस वर्षं पॅकिंगच्या कारखान्यात काढली. तिथे दरवर्षी असाच एक कागद यायचा. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने एका वर्षी कंबरदुखीपुढे खरं ते लिहिलं, आणि पुढच्या सोमवारी त्या स्टुलावर भलतीच बाई बसलेली होती. तेव्हापासून आईने कारखान्याच्या कागदावर कधी साधी सर्दीसुद्धा होऊ दिली नाही. तिचंच काय, आमच्या वस्तीत कागदावर कुणालाच काही दुखत नाही. दुखतं ते घरी, दार लावून.

हा फॉर्म मात्र कारखान्याचा नव्हता. पालिकेच्या आरोग्य खात्याने वस्तीत व्यायामाचा वर्ग सुरू केला होता. बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी आठ वाजता, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी सायकली लावायचे त्या खोलीत. पैसे नाहीत, फक्त फॉर्म भरायचा. आणि आईला वर्गात जायचंच होतं, कारण तिला पाचव्या मजल्यावर चढायचं होतं.

पाचव्या मजल्यावर मी राहते. लिफ्ट दोन वर्षं बंद आहे. दारावर "दुरुस्ती चालू आहे" असा कागद होता, त्यावरची अक्षरंही आता उडाली. मला शिलाईच्या कारखान्यातली नोकरी परत हवी होती. चिमी झाली तेव्हा ती सुटली होती. आता विचारायला गेले तर सुपरवायझर म्हणाला, "तुझं मशीन अजून तीन महिने ठेवतो. त्यानंतर माझ्या हातात नाही." नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. चिमीला सांभाळायला आईच होती. पण आई राहते समोरच्या बिल्डिंगमध्ये, दादाकडे, तळमजल्याच्या एका खोलीत, आणि त्या खोलीत दादा-वहिनी दिवसभर चपलांचे तळवे चिकटवतात. सोल्युशनच्या वासाने मोठ्या माणसाचं डोकं धरतं. पाच महिन्यांच्या लेकराला तिथे कसं ठेवणार? तेव्हा आईनेच वर यायला हवं होतं. आणि आईला दुसऱ्या मजल्यापुढे दम पुरत नव्हता.

"पाय गंजलेत गं," ती म्हणायची. "इतकी वर्षं बसून काम केलं ना. तेलपाणी केलं की चालतील."

मलाही ते पटवून घ्यायचं होतं. मशीन माझं होतं.

वर्ग घेणारी मुलगी तेवीस वर्षांची होती, मागच्याच गल्लीतली. तिच्या गळ्यात शिट्टी असायची, पण वाजवायची कधीच नाही, कारण वरती रात्रपाळीची माणसं झोपलेली असायची. म्हणून तिचं नावच शिट्टी पडलं. तिला चालायचं. "नुसती लटकते, वाजत नाही. माझ्या मोठ्या भावासारखी," म्हणायची. मला "ए ताई" आणि आईला "मावशी" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींनाही "अगं-तुगं".

पहिले तीन आठवडे खोलीतच गेले. हात वर, हात खाली, भिंतीला टेकून उठाबशा. पंधरा-सोळा बायका यायच्या. माझ्या समोरच्या घरातली पार्लरवाली पहिल्या दिवशी लिपस्टिक लावून आली आणि घाम पुसताना गालभर पसरवून बसली. आई दादाचे जुने कॅनव्हासचे बूट घालायची, पुढे कापूस कोंबून. मी चिमीला कापडाने छातीशी बांधून उभी राहायची. चिमीला ते फार आवडायचं. मी वाकले की ती खिदळायची, आणि मग अख्खी खोली तिच्यासाठी वाकायची.

चौथ्या आठवड्यात शिट्टी म्हणाली, "खोली पुरे झाली. आता जिना. पालिकेने मशीन दिलं नाही, पण लिफ्ट बंद ठेवून पाच मजल्यांचं मशीन फुकट दिलंय."

तिचा नियम एकच होता. बोलत बोलत चढायचं.

"गप्प चढायचं नाही. शेजारणीशी बोलत राहायचं. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाता येत असेल तर तुम्ही कामचुकारपणा करताय. आणि वाक्य मधेच तुटलं, तर जिथे असाल तिथे थांबायचं, रेलिंग धरायचं, मला हाक मारायची. मी सगळ्यांच्या मागे असेन, कान देऊन."

"बोलायची परीक्षा?" पार्लरवाली म्हणाली. "मग मी आत्ताच पहिली आले म्हणून समज."

त्या जिन्यात त्या दोन महिन्यांत जे बोललं गेलं, ते त्या भिंतींनी वीस वर्षांत ऐकलं नसेल. कुणाच्या सासूने नवीन दातांची कवळी पेल्यात ठेवली आणि नातवाने वॉश बेसिनमध्ये ओतली. कुणाच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने केस कापले आणि आता तो टोपी काढत नाही. पहिल्या मजल्यावर एकीने सुरू केलेलं भांडण तिसऱ्यावर दुसरीच कुणी मिटवायची. बिऱ्हाडांची दारं उघडायची, लोक उंबऱ्यात उभे राहून ऐकायचे.

आई आणि मी सगळ्यांत शेवटी असायचो. आमच्या मागे फक्त शिट्टी.

आता आमची एक खोड सांगायला हवी. लहानपणापासून मी आईची वाक्यं पुरी करते. ती "अगं, ती नाही का आपली..." म्हणाली की मी "दुधवाल्याची बायको" म्हणते. ती "मला ना आज जरा..." म्हणाली की मी "पाठीला चोळून देऊ?" विचारते. दादा चिडायचा. "तुम्ही दोघी मिळून एक बाई आहात का?" आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. आईने अर्धं म्हणायचं, उरलेलं मी.

जिन्यातही तसंच झालं. पहिल्या मजल्यापर्यंत आई भरपूर बोलायची. दुसऱ्याच्या वळणावर तिचे शब्द कमी व्हायचे. "काल वहिनीने..." एवढं ती म्हणायची, आणि पुढचं मी उचलायची. "...चपलांचा एक अख्खा जोड उलटा चिकटवला, दोन्ही डाव्या पायाच्या, आणि दादाला म्हणे एखादं डावखुरं गिऱ्हाईक बघ." मागून शिट्टी खो-खो हसायची. आई "तर!" म्हणायची. मग पुन्हा मी. तिसऱ्या मजल्यावर आई फक्त "हं" म्हणायची, आणि ते "हं" मी अशा जागी बसवायची की ऐकणाऱ्याला ती गोष्ट तीच सांगतेय असं वाटावं.

"मावशी, कसं वाटतंय?" शिट्टी खालून विचारायची.

"एकदम..." आई म्हणायची.

"...झकास!" मी म्हणायची.

मला कळत नव्हतं असं नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी उजेड थेट तोंडावर येतो. तिथे आईचे ओठ राखेसारखे दिसायचे. मी हळूच विचारायची, "थांबूया?" ती माझं मनगट दाबायची. तो "नाही" कागदावरच्या नाहीसारखाच होता. मी पुढची गोष्ट सुरू करायची.

आणि ती चढली. हे खोटं नव्हतं. सातव्या आठवड्यात तिसरा मजला, नवव्यात चौथा. अकराव्या आठवड्यात एका गुरुवारी ती माझ्या दारात उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरून, तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण डोळे असे की जणू तिने घर विकत घेतलंय. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पार्लरवाली म्हणाली, "मावशी, आता गच्चीवर चला, तिथून ढगात." शिट्टीने आईला मिठी मारली आणि वहीत काहीतरी लिहिलं. आई भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळाने तिने चिमीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बघ चिमे. आले की नाही."

एक तारखेला मी मशीनवर बसले.

नऊ दिवस सगळं नीट चाललं. आई सकाळी सातला निघायची आणि माझ्या दारात पावणेआठला पोचायची. समोरून इथवर यायला पाऊण तास. मी विचारायची, "कुठे होतीस?" ती म्हणायची, "प्रत्येक मजल्यावर ओळखीचे आहेत आता. बोलावंच लागतं." संध्याकाळी मी परत यायची तेव्हा चिमी न्हाऊन-माखून, केस विंचरून बसलेली असायची. चिमीचे केस ते किती, पण भांग पाडलेला.

दहाव्या दिवशी, अकराच्या सुमारास, सुपरवायझर माझ्या मशीनपाशी आला. कधी येत नाही. त्याच्या हातात माझा फोन होता. लॉकरमध्ये तो वाजतच राहिला म्हणून त्याने काढून आणला होता.

मी पोचले तेव्हा आईला खाली आणत होते. पार्लरवालीचा दीर आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक माणूस, दोघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं होतं. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागत होती. आईच्या अंगावर माझीच चादर. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "दूध... कपाटावर..."

मी पुढचं बोलले नाही. मला येईना.

काय झालं ते पार्लरवालीने नंतर सांगितलं. छातीत कळ आली तेव्हा चिमी आईच्या कडेवर होती. तिने चिमीला गादीच्या मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी उशा, चादरी, माझे कपडे, मिळेल ते लावलं. मग दारापर्यंत गेली, कडी काढली, दार पूर्ण उघडलं आणि उंबऱ्यात बसली. हाक मारता येत नव्हती. दार उघडं आणि आत पोर रडतंय हे पाहून पार्लरवाली धावली. "मी आधी चिमीलाच उचललं गं," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "मावशीने हाताने तसंच दाखवलं. आधी ती."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

आई म्हणाली, "मला ना, साधारण..."

आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, येत असूनही, मी ते वाक्य उचललं नाही. डॉक्टर पेन धरून थांबला होता. आई थांबली होती. शेवटी तिनेच ते पुरं केलं, हळूहळू, एकेक शब्द करून. "साधारण दोन वर्षं झाली."

आई वाचली. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या, एक उघडली. अकराव्या दिवशी घरी सोडलं, म्हणजे दादाकडे. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जिना नाही. एक मजलासुद्धा नाही. पुढे बघू असंही मी म्हणत नाही." आईला मी सांगितलं, "सध्या नको म्हणालेत."

सुपरवायझरने दोन आठवडे वाट पाहिली. तेवढीही दुसऱ्या कुणी पाहिली नसती. मग माझं मशीन गेलं.

त्याच सुमारास वर्गाची पुढची तुकडी सुरू होणार होती, ती थांबली. आरोग्य खात्याची दोन माणसं येऊन शिट्टीची वही आणि सगळे फॉर्म घेऊन गेली. आजारी बाईला जिना चढायला लावला कसा, हा प्रश्न होता. तिला कागद आला, आठ दिवसांत उत्तर द्या.

आईला हे वहिनीकडून कळलं. उशीला टेकून बसली होती, आता उशी तिला दिली होती. "तू काही बोलू नकोस," ती मला म्हणाली. "कागदावर तुझं अक्षर आहे. उगाच तुझ्या अंगाशी येईल. पोरगी हुशार आहे, निभावेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिट्टी माझ्याकडे आली. पाच मजले चढून आली तरी तिला जराही दम लागला नव्हता, आणि तरी तिला बोलता येत नव्हतं. मी पाणी दिलं. चिमीने तिच्या गळ्याकडे हात नेला. आज शिट्टी नव्हती.

"ताई, एकच विचारायचंय," ती म्हणाली. "मी मागे होते. रोज ऐकत होते. मावशी बोलत होती ना? मी नीट ऐकलं नाही का? इतके दिवस झाले, मी तेच आठवतेय. दुसऱ्याच्या वळणावर ती उलट्या चपलांची गोष्ट सांगत होती. मी हसले होते."

दाराबाहेर कुणीतरी बादली घेऊन जिना चढत होतं. तो आवाज वर जाईपर्यंत मी थांबले.

"ती गोष्ट मी सांगितली," मी म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर तर रोज मीच बोलायची. ती फक्त हं म्हणायची."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि फॉर्मसुद्धा मीच भरला. छातीत दुखायचं. दोन उशाही लागल्या असत्या, घरात असत्या तर. मला माहीत होतं."

"मग 'नाही' का लिहिलंत?"

"हो लिहिलं असतं तर तुम्ही तिला काढलं असतं."

"असं कोण म्हणालं?"

असं कुणीच म्हणालं नव्हतं. ते सांगावं लागतच नाही, आम्हाला ते ठाऊकच असतं.

"कुणाला काढायचं नसतं हो," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "हो लिहिणाऱ्यांना आम्ही चिठ्ठी देतो. पालिकेच्या दवाखान्यात, रांगेशिवाय, आधी तपासणी. ज्यांना जिना झेपणार नाही त्यांचा मंगळवारी दुपारी वेगळा वर्ग असतो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खुर्चीवर बसून. वर्ष झालं चालू आहे. तिथे सगळे हो म्हणणारेच आहेत. त्यांच्यासाठीच तर हे सगळं काढलंय! तुम्ही एक शब्द... एक शब्द लिहिला असता तर दवाखान्यातल्या डॉक्टरने तीन महिने आधीच..."

ते वाक्य तिने तिथेच सोडलं. मला ते पुरं करता येत होतं.

चिमी आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. शिट्टीने डोळे पुसले, पर्समधून एक कोरा कागद काढला. "हे लिहून द्याल?" ती म्हणाली. "नाही दिलंत तरी मी भांडणार नाही."

मी लिहून दिलं. कुठे काय खोटं लिहिलं, जिन्यात कोण बोलत होतं, सगळं. सही केली. तिने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "येते." दारात थांबून म्हणाली, "मावशींना मंगळवारी पाठवा. डॉक्टरांची परवानगी आणा, मी बाकीचं बघते. तुम्हीही या हवं तर."

तेव्हापासून ती मला "तुम्ही"च म्हणते. ए ताई नाही, अगं नाही.

तिची नोकरी राहिली. जिन्याचा वर्ग मात्र बंद झाला, कायमचा. जिन्यात आता कुणी बोलत नाही. पार्लरवाली भेटली की "काय गं" म्हणते आणि किल्ली फिरवते. मी कारखान्याचे कपडे घरी आणते, सुटलेले धागे कापते. चिमी रांगत कात्रीकडे सरकते आणि मी तिला मागे ओढते, दिवसातून शंभर वेळा.

डॉक्टरने परवानगी दिली. पुढच्या मंगळवारी मी आईला हाताला धरून दवाखान्याच्या त्या खोलीत घेऊन आले, चिमी कडेवर. रस्ता ओलांडायला तीनदा थांबलो. आता मी तिला थांबवते, ती थांबते.

खोलीत आठ-नऊ खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बसलेली माणसं बहुतेक म्हातारी. पंख्याजवळच्या खुर्चीत आमच्या गल्लीतल्या शाळेचे निवृत्त वॉचमनकाका, पाय थोडे सुजलेले, एका हातात रबरी चेंडू. शिट्टीने आईला पंख्याखालची खुर्ची दिली, तिची नाडी पाहिली, वहीत लिहिलं.

आईने सगळीकडे नजर फिरवली. मग मला खाली वाकायला सांगून विचारलं, "हा वर्ग कधीपासून आहे गं?"

मी तिच्या बुटाच्या नाड्या बांधायला बसले. त्या बांधलेल्याच होत्या.

"नवीन आहे," मी म्हणाले. "तुझं झालं ना, त्यानंतर काढला. तुझ्यासारख्यांसाठी."

आईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. "खरंच?" ती म्हणाली. "बघ. म्हणजे अगदीच वाया नाही गेलं." आणि तिला गप्प कुठे राहवतंय. ती वॉचमनकाकांकडे वळली. बसल्या जागी, दम न लागता, अख्खं वाक्य बोलली. "अहो, मी ते पाच मजले चढून पडले ना, म्हणून पालिकेने हा वर्ग काढला, माझी मुलगी सांगते."

शिट्टीचा हात वहीवर थांबला. खोलीतली एकदोन माणसं एकमेकांकडे पाहू लागली. वॉचमनकाका वर्षभर त्याच खुर्चीत बसत होते. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे. मी चिमीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं होतं.

"असं होय," ते म्हणाले. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही. उपकार झाले हो, बाई."

"उपकार कसले," आई म्हणाली, आणि लाजली.

शिट्टीने वही मिटली. "चला," ती म्हणाली. "दोन्ही हात वर. सावकाश."